तंबाखूच्या पुडीवरचा इशारा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर

तंबाखूच्या पुडीवर आज कर्करोग झालेल्या तोंडाचे मोठे चित्र असते. बहुतेक जण त्याकडे पाहत नाहीत. पुडी फोडतात, चुना घेतात, तंबाखू मळतात आणि गालात धरतात. चित्र सरकारने छापायला लावले एवढे सगळ्यांना माहीत असते. पण तंबाखू चघळल्याने तोंडाचा कर्करोग होतो याचा मोठा पुरावा मुंबईतल्या एका मराठी डॉक्टरांनी १९४४ साली मांडला होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. पुडीवर चित्र आले २००९ मध्ये. मधल्या ६५ वर्षांत काय झाले, आणि त्यातून रुग्णांनी व घरच्यांनी काय घ्यावे, हे त्या डॉक्टरांच्या आयुष्यावरून चांगले समजते. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

सूक्ष्मदर्शकापाशी घालवलेले आयुष्य

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये पॅथॉलॉजी या विषयात एम.डी. पदवी मिळवली. परत आल्यावर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी त्यांनी पॅथॉलॉजीचे प्राध्यापक म्हणून काम केले.

पॅथॉलॉजिस्टची आणि रुग्णाची भेट सहसा होत नाही. गाठीचा किंवा जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्यालाच बायोप्सी म्हणतात. त्या तुकड्याचे अतिशय पातळ काप करून, त्यांना रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. पेशी साध्या आहेत की कर्करोगाच्या, हे पॅथॉलॉजिस्ट सांगतो. त्याचा अहवाल आल्याशिवाय कर्करोगाचे उपचार सुरू होत नाहीत. खानोलकरांच्या तरुणपणी भारतात हे शास्त्र शवविच्छेदन आणि शिकवणे यापुरतेच राहिलेले होते. आपल्याकडच्या आजारांचा आपल्याकडेच शोध घेणारे शास्त्र म्हणून त्यांनी ते उभे केले. त्यामुळेच त्यांना भारतातील पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हटले जाते.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन यांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. केवळ कर्करोगासाठी बांधलेल्या या रुग्णालयात दूरदूरचे रुग्ण येऊ लागले आणि एक गोष्ट लगेच दिसू लागली. इंग्रजी पाठ्यपुस्तकांमध्ये तोंडाच्या कर्करोगाला फारसे स्थान नव्हते, पण इथे तोंडाचे रुग्ण फार मोठ्या संख्येने येत होते.

ओळीने आलेले १००० रुग्ण

१९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतील एका नामांकित कर्करोग नियतकालिकात प्रसिद्ध केला. यातला ओळीने हा शब्द महत्त्वाचा आहे. डॉक्टरने आपल्या मताला सोयीचे रुग्ण निवडले तर निष्कर्ष काहीही निघू शकतो. जो आला त्याला मोजायचे, कोणालाही वगळायचे नाही, असा नियम ठेवला की खरे चित्र दिसते.

पान आणि तंबाखूचा तोंडाच्या कर्करोगाशी संबंध असावा, असे दक्षिण भारतातील काही डॉक्टरांनी आधीही लिहिले होते. खानोलकरांच्या कामात मोठी संख्या होती, पेशींची खात्रीशीर तपासणी होती, आणि रुग्ण कोणत्या समाजातला आहे, त्याला सवय कोणती आहे, गाठ तोंडात नेमकी कुठे आहे याची सांगड होती. सवय बदलली की कर्करोगाची जागा बदलते, ही त्यांच्या कामातून पुढे आलेली मोठी गोष्ट. तंबाखू ज्या ठिकाणी धरून ठेवली जाते, तिथलेच कातडे आधी बिघडते.

१९४५ मध्ये त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह आणखी एक लेख लिहिला. त्यात चुना लावलेली तंबाखू, म्हणजे खैनी, खालच्या ओठाच्या आत ठेवणाऱ्यांना तिथेच होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट बांधल्याने त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचेही वर्णन त्यात होते. लुगडे किंवा परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांमध्येही असा कर्करोग क्वचित आढळतो. कमरेवर महिनोन्‌महिने न भरणारी जखम असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी.

१९५५ मध्ये डॉ. सांघवी आणि डॉ. राव यांच्यासह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पुढचा अभ्यास मांडला. धूम्रपान आणि तंबाखू चघळणे या दोन्ही सवयींचा तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यात तपासला होता. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्यातले नाते दाखवणारे इंग्लंडमधले प्रसिद्ध संशोधन १९५० चे. म्हणजे चघळण्याच्या तंबाखूबद्दलचा आपला पुरावा त्याच्याही आधीचा होता.

माणसे घडवणारा डॉक्टर

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. कर्करोगाबरोबर कुष्ठरोगावरही त्यांनी मोठे काम केले. कुष्ठरोगाचे जंतू अगदी सुरुवातीपासून मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात, हे त्यांनी पेशींच्या पातळीवर अभ्यासले. कुष्ठरोगात बधिरपणा का येतो, ते यावरून कळते.

त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे होत्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली आणि कर्करोग केंद्रात शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. आपल्या जिल्ह्याशी त्यांचा वेगळा संबंध आहे. निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या कुपोषणावर काम केले. म्हणजे मुंबईतल्या त्या प्रयोगशाळेचा एक धागा अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत येतो.

खानोलकर आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांच्या हयातीतच, १९७२ मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात दिसलेली गोष्ट आता गावोगावी जाऊन मोजली गेली होती.

अर्धवट इशारा

१९७५ मध्ये भारत सरकारने सिगारेटच्या पाकिटावर आरोग्याचा इशारा छापण्याचा कायदा केला. त्या वेळी खानोलकर ८० वर्षांचे होते. हा कायदा फक्त सिगारेटपुरता होता. विडीचे बंडल आणि चघळण्याच्या तंबाखूची पुडी त्यातून सुटली. म्हणजे ज्या सवयीचा पुरावा ३० वर्षांपूर्वी मुंबईत गोळा झाला होता, आणि जी गरिबांमध्ये व खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त होती, तिच्यावर या कायद्याने एक ओळही आली नाही.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी डॉ. खानोलकर यांचे निधन झाले.

त्यानंतर पानमसाला आणि गुटख्याच्या स्वस्त पुड्या गावोगावी पोहोचल्या. पुढे अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली चघळण्याच्या तंबाखूवरही इशाऱ्याची ओळ आली, पण ती बारीक अक्षरातली आणि वाचता येणाऱ्यांसाठीच. २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखाली राज्यात पुन्हा बंदी आली. दरम्यान २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा झाला होता. त्याखाली ३१ मे २००९ पासून पुड्यांवर चित्रे आली. चघळण्याच्या तंबाखूवरचे पहिले चित्र विंचवाचे होते. विंचवाचा आणि गालातल्या गाठीचा काय संबंध, हे कोणाला कळणार? पुढे खऱ्या रोगाची चित्रे आली आणि १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी राखला गेला.

अमेरिकेत काय झाले

वस्तू घातक आहे हे माहीत असून सांगितले नाही म्हणून कंपनीकडून पैसे वसूल करण्याची मोठी उदाहरणे अमेरिकेतली आहेत. रुग्णांचे नातेवाईक कधीकधी विचारतात की आपल्याला असे काही मिळेल का. म्हणून ती नीट समजून घेऊ.

अमेरिकेत सिगारेटवर इशारा आला १९६६ मध्ये. रोझ सिपोलोन ही बाई १६ व्या वर्षापासून सिगारेट ओढत होती. फुप्फुसाचा कर्करोग झाल्यावर तिने दावा केला आणि १९८४ मध्ये ती वारली. १९८८ मध्ये पंचांनी ठरवले की १९६६ पूर्वी एका कंपनीने पुरेसा इशारा दिला नव्हता, म्हणून तिच्या पतीला ४ लाख डॉलर द्यावेत. मात्र ८० टक्के दोष त्याच पंचांनी तिच्यावर ठेवला. अपिलात हा निकालही रद्द झाला, आणि पुढची काही वर्षे झगडून कुटुंबाने १९९२ मध्ये दावा सोडून दिला.

चघळण्याच्या तंबाखूची कथाही अशीच आहे. ओक्लाहोमातला एक तरुण धावपटू १९८४ मध्ये जिभेच्या कर्करोगाने गेला, तेव्हा तो जेमतेम १९ वर्षांचा होता. तो वापरत असलेल्या तंबाखूच्या डबीवर इशारा नव्हता. त्याच्या आईने दावा केला आणि १९८६ मध्ये ती हरली. त्याच वर्षी अमेरिकेने अशा तंबाखूवर इशारा सक्तीचा केला. चघळण्याच्या तंबाखूमुळे झालेल्या मृत्यूबद्दल कंपनीने एका कुटुंबाला ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली, ती थेट २०१० मध्ये.

सर्वांत मोठी तडजोड १९९८ ची. ४६ राज्यांनी मोठ्या सिगारेट कंपन्यांशी करार केला आणि कंपन्यांनी पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. तंबाखूच्या आजारांवर राज्यांनी केलेल्या खर्चापोटी ते पैसे राज्य सरकारांना मिळाले. आजारी माणसांच्या हातात ते आले नाहीत.

भारतात अशी तडजोड झालेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुरेसा इशारा न दिल्याबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे, आणि कीटकनाशक, सफाईचे ॲसिड किंवा घरगुती उपकरण यांच्या बाबतीत ती उपयोगी पडू शकते. अशी वस्तू बाधली तर बाटली, वेष्टन आणि बिल जपून ठेवा. डॉक्टरांनाही बाटली दाखवा, कारण उपचार त्यातल्या रसायनावर ठरतात. पण याच कायद्यात असेही आहे की धोका उघड किंवा सर्वांना माहीत असलेला असेल, तर इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार धरला जात नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुडीवरचा इशारा आपल्यासाठी असतो, तसा तो न्यायालयात कंपनीच्याही उपयोगी पडतो. एवढे मोठे चित्र छापले होते, तरी तुम्ही खाल्ली, असे कंपनी म्हणू शकते. इशारा छापला गेला की जबाबदारीचा मोठा वाटा आपल्या अंगावर येतो. नुकसानभरपाई मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

मिश्रीला पाकीटच नसते

काष्टी, श्रीगोंदा आणि आसपासच्या गावांमध्ये तंबाखूचे सगळेच प्रकार दिसतात. पुरुष तंबाखू मळतात. अनेक स्त्रिया तंबाखू तव्यावर भाजून, कुटून मिश्री करतात आणि ती दातांना लावतात. घरी केलेल्या मिश्रीला पाकीट नाही, म्हणून तिच्यावर चित्रही नाही. मिश्री लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही. तंबाखू खाता का, असे विचारले तर ती नाही म्हणते. म्हणून घरच्यांनी आई, सासू, आजी यांना मिश्री लावता का, असे स्पष्ट विचारावे. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे आणि भाजल्याने तिच्यातले विष जात नाही.

तंबाखूत निकोटिन असते, त्याने सवय लागते. तिच्यातल्या नायट्रोसामाइन नावाच्या रसायनांनी पेशी बिघडतात. चुन्यामुळे निकोटिन रक्तात लवकर जाते आणि तोंडाची आतली त्वचा सोलवटते. तंबाखू नसलेली सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूचे पान आणि २००४ मध्ये नुसती सुपारीही माणसात कर्करोग करणारी ठरवली. सुपारीने तोंड हळूहळू उघडेनासे होते.

तोंड घरी कसे तपासावे

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात, आरसा घेऊन, चूळ भरून तोंड पाहा. दोन्ही गालांच्या आतली बाजू, ओठांच्या आत, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू पाहा. जिथे तंबाखू धरता ती जागा जास्त लक्ष देऊन पाहा.

पुढीलपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवा:

• दोन ते तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड आलेले
• पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
• तिखट खाल्ल्यावर सतत होणारी आग
• स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात न जाणे
• कारण नसताना हलणारा दात, किंवा दात काढल्यावर न भरणारी जागा
• मानेत गाठ, गिळताना त्रास, एका बाजूचा कान दुखणे

सुरुवातीला या जखमा बहुधा दुखत नाहीत. दुखत नाही म्हणून थांबू नका. तुकडा काढून तपासायला सांगितले तर घाबरू नका. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो हा गैरसमज आहे. उलट लवकर निदान झाले तर लहान शस्त्रक्रियेवर भागू शकते. तिशीनंतर तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. कर्करोगाच्या अनेक उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मदत मिळते.

तंबाखू सोडली की धोका हळूहळू कमी होत जातो, सवय कितीही जुनी असली तरी. पहिल्या काही दिवसांत चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे, पोट साफ न होणे हे त्रास होतात आणि ते ओसरतात. जमत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर मदत मिळते. हा क्रमांक पुडीवरही छापलेला असतो. निकोटिनचा च्युइंगम किंवा औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

१९४४ च्या अभ्यासातल्या १००० जणांना इशारा देणारे कोणी नव्हते. त्यांच्या तोंडातल्या गाठींवरून डॉ. खानोलकरांनी पुढच्या पिढ्यांसाठी ही माहिती मिळवली. पुडीवरची असो वा तव्यावरची, तंबाखू आजच बंद करा, आणि घरातल्या तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या प्रत्येकाचे तोंड या आठवड्यात एकदा उजेडात पाहा.